रुमालातील कागद आणि संगणकाची आज्ञावली

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात मला संगणकावर बोलण्यास सांगितले, तेव्हा मला थोडा संकोच वाटला. मी बी.ए., बी.एड. झालेला, वर्गात इतिहास आणि मराठी शिकविणारा शिक्षक आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु आपल्या शाळेच्या जुन्या रजिस्टरांच्या निमित्ताने मला एक काम शिकावे लागले. ते शिकताना माझ्या हातून एक मोठी चूक घडली आणि त्या चुकीने मला पुष्कळ शिकविले. ती हकीकत सांगावी आणि ते काम बिनचूक कसे करावे हेही सांगावे, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

काम असे की, संगणकावर पुष्कळशा झिप फाइली आलेल्या असतात. त्या एकेक करून हाताने न उघडता, एक आज्ञावली लिहून सर्व एकदम उघडावयाच्या, आतील कागद जागच्या जागी लावावयाचे आणि मोजून घ्यावयाचे. या आज्ञावलीला शेल स्क्रिप्ट असे म्हणतात.

झिप म्हणजे काय?

पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद कापडाच्या रुमालात बांधून ठेवलेले आहेत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. झिप फाइल म्हणजे संगणकावरील असाच एक रुमाल होय. शंभर कागद एका रुमालात बांधले की ते इकडून तिकडे पाठविणे सोपे जाते आणि वाटेत एखादा कागद गळून पडत नाही. रुमालाच्या शेवटी आत कोणकोणते कागद आहेत याची यादी असते, आणि प्रत्येक कागदासोबत एक पडताळ्याचा आकडा ठेवलेला असतो. वाटेत एखाद्या कागदात बिघाड झाला, तर हा आकडा जुळत नाही आणि चूक उघडकीस येते. हिशेबनीस पानाच्या तळाशी बेरीज मांडतो, तसेच हे आहे.

झिपचे दुसरे काम म्हणजे मजकूर दाबून लहान करणे. हे कसे होते ते आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरवरूनच समजते. रजिस्टरमध्ये पहिल्या ओळीत कारकून गावाचे नाव पूर्ण लिहितो. खालच्या ओळीत तेच गाव आले की तो पुन्हा लिहीत नाही. 'सदर' असे लिहितो किंवा दोन रेघा मारतो. वाचणाऱ्याने वर पाहून समजून घ्यावयाचे. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह या दोन शास्त्रज्ञांनी 1977 साली जी रीत मांडली, तिचा गाभा हाच आहे. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा आणि तेथून इतकी अक्षरे घे' एवढेच लिहावयाचे.

दुसरी युक्तीही कारकुनाला ठाऊक असते. जे शब्द वारंवार येतात त्यांना तो लहान रूप देतो. 'मुक्काम पोस्ट' याचे 'मु. पो.' होते, 'तालुका'चे 'ता.' होते, क्वचित येणारा शब्द मात्र तो पूर्ण लिहितो. हेच तत्त्व गणिताने काटेकोर करणारा डेव्हिड हफमन हा अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचा विद्यार्थी होता. प्राध्यापकांनी वर्गाला परीक्षा किंवा निबंध यांपैकी एक निवडण्यास सांगितले होते. हफमनने निबंध निवडला, आणि त्यातून निघालेली रीत 1952 साली प्रसिद्ध झाली. विद्यार्थी मित्रांनो, आज आपल्या मोबाइलमधील छायाचित्रांतसुद्धा ही रीत वापरलेली असते. पुढे 1989 साली फिल कॅट्झ या अमेरिकन गृहस्थांनी झिप हा नमुना प्रसिद्ध केला आणि तो सर्वांना वापरण्यास खुला ठेवला. म्हणूनच तो जगभर पसरला.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो, कारण माझ्या चुकीशी तिचा संबंध आहे. साधा मजकूर झिपमध्ये पुष्कळ लहान होतो. पण स्कॅन केलेली पाने सामान्यतः जेपीजी या प्रकारच्या चित्रांच्या रूपात असतात, आणि ती चित्रे आधीच दाबलेली असतात. एकदा पिळलेले कापड पुन्हा पिळून फारसे पाणी निघत नाही, त्याप्रमाणे ती झिपमध्ये टाकून फारशी लहान होत नाहीत. तेथे झिपचा उपयोग केवळ रुमालासारखा.

शेल आणि आज्ञावली

संगणकाला काम सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे चित्रावर बोट किंवा माऊस ठेवून दाबणे. दुसरा म्हणजे आज्ञा टाइप करणे. आज्ञा वाचून ती पार पाडणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. अमेरिकेतील बेल लॅब्ज येथे युनिक्स ही प्रणाली तयार झाली. तेथील स्टीफन बॉर्न यांनी लिहिलेला शेल 1979 साली बाहेर आला, आणि 1989 साली ब्रायन फॉक्स यांनी बॅश हा शेल तयार केला. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतील उबुंटू संगणकांवर हाच बॅश विनामूल्य असतो. त्यासाठी नवीन काही विकत घ्यावे लागत नाही.

एका कागदात एकाखाली एक आज्ञा लिहून तो कागद शेलच्या हाती दिला की झाली स्क्रिप्ट. त्यातील सर्वांत उपयोगी वाक्य 'फॉर'ने सुरू होते. 'या फोल्डरमधील ज्या ज्या फाइलीचे नाव झिपने संपते, त्या प्रत्येकीसाठी पुढील काम कर' असा त्याचा अर्थ. बारा फाइली असोत की बाराशे, आपले लिहिणे तेवढेच राहते. पायरीपायरीने, संदिग्धता न ठेवता काम सांगण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकात बगदाद येथे काम केलेले गणिती अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून हा शब्द आला आहे. आपल्या मुलांना हे सांगण्यासारखे आहे. मात्र केवळ त्याचा अभिमान बाळगून भागणार नाही, ती शिस्तही अंगी आणली पाहिजे.

माझी चूक

आता हकीकत सांगतो. 2022 च्या उन्हाळ्यात आपल्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरे स्कॅन करून घेण्याचे ठरले. रजिस्टरे दुकानात पोचविण्याचे व परत आणून कपाटात ठेवण्याचे काम शिपायाने केले. मी ती उघडूनही पाहिली नव्हती. दुकानातून एका पेन ड्राइव्हवर 12 झिप फाइली आल्या. एकूण पाने 1,140.

पहिल्या दोन फाइली मी हाताने उघडल्या आणि कंटाळलो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला 'फॉर' शिकविला होता, तो आठवला. तीन ओळी लिहिल्या आणि सर्व रुमाल एकाच फोल्डरमध्ये सोडण्यास सांगितले. काम चालू झाले, पण शेवटच्या रुमालाशी येऊन थांबले. अनझिप हा प्रोग्रॅम विचारू लागला की, या नावाची फाइल येथे आधीच आहे, तिच्या जागी नवी ठेवू का? मला वाटले, दोन फाइली मी आधी हाताने उघडल्या आहेत म्हणून तो विचारत असेल. पर्यायांची यादी पाहिली. त्यात 'न विचारता जागी ठेव' असा एक पर्याय होता. तो स्क्रिप्टमध्ये घातला आणि पुन्हा चालविली. मिनिटभरात काम संपले, आणि मी स्वतःवर खूश झालो.

प्रत्यक्षात घडले होते ते असे. दुकानातील स्कॅनर प्रत्येक पानाला आपोआप क्रमांक देत होता. अकरा रुमालांपर्यंत क्रमांक वाढत गेले. बाराव्या रुमालापूर्वी मशीन बंद करून पुन्हा सुरू केले गेले असावे, कारण क्रमांक पुन्हा 1 पासून सुरू झाले. बाराव्या रुमालात 96 पाने होती. ती पहिल्या रुमालातील 1 ते 96 या पानांच्या जागी जाऊन बसली. पहिला रुमाल म्हणजे आपले सर्वांत जुने, 1954 ते 1961 चे रजिस्टर. त्याची 100 पाने होती. शेवटची 4 तेवढी उरली. फोल्डरमध्ये 1,140 ऐवजी 1,044 पाने राहिली. हजारावर पानांच्या ढिगात शंभर पाने कमी आहेत हे नजरेला कसे कळणार? मोजली असती तर कळले असते. मी मोजली नाहीत.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण मघाशी सांगितल्याप्रमाणे स्कॅन केलेली पाने झिपमध्ये लहान झालेली नव्हती. रुमाल आणि उघडलेली पाने मिळून दुप्पट जागा लागली आणि संगणक भरत आला. तेव्हा मी झिप फाइली पुसून टाकल्या. पेन ड्राइव्हही दुसऱ्या कामासाठी रिकामा केला. दुकानदाराने आपल्याकडील प्रत त्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे काही दिवसांनी काढून टाकली होती.

पुढे 2023 च्या जूनमध्ये एक पालक शाळेत आले. त्यांच्या मुलीला बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश घ्यावयाचा होता. जात वैधता प्रमाणपत्रासाठी त्यांना वडिलांची, म्हणजे मुलीच्या दादांची, शाळेतील नोंद हवी होती. आपल्या समाजातील मोमीन, तांबोळी, बागवान, पिंजारी आदी जमाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात येतात. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा असतो, हे पुष्कळ पालकांना अनुभवाने ठाऊक आहे. जुन्या रजिस्टरांत अनेकदा जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' असे लिहिलेले असते. म्हणून एखाद्या जुन्या पानावर जमातीचा स्पष्ट उल्लेख असेल तर त्या एका शब्दाचे मोल त्या घराला फार असते.

मी संगणक उघडला. पहिल्या पानांवर 1990 नंतरच्या नोंदी दिसल्या. शोधता शोधता सर्वांत जुनी म्हणून 1961 ची 4 पाने सापडली. त्यामागचे काही नाही. मी त्यांना सांगितले, "भाईसाहेब, आमच्याकडे 1961 च्या आधीचे रेकॉर्ड नाही." ते काही न बोलता निघून गेले.

चौथ्या दिवशी ते परत आले. म्हणाले, "सर, अब्बा याच शाळेत शिकले. ते खोटे बोलणारे नव्हते. एकदा कपाट बघा." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला अधिक लाज वाटली. आम्ही दोघांनी मिळून कपाट उघडले. सर्वांत खाली, कापडी पुठ्ठ्याचे रजिस्टर होते. पान 37. सन 1956. नाव, वडिलांचे नाव, आणि जातीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत 'मोमीन'. अर्ज दाखल करण्यास तेव्हा दोन दिवस उरले होते. उतारा त्याच दिवशी दिला, अर्ज वेळेत गेला आणि पुढे मुलीला प्रवेशही मिळाला, अल्हम्दुलिल्लाह. पण ते गृहस्थ पहिल्याच दिवशी माझ्या 'नाही'वर विश्वास ठेवून घरी बसले असते तर? त्या मुलीच्या वर्षाचा जबाब मी कोणत्या तोंडाने दिला असता?

बिनचूक रीत

त्यानंतर मी ती स्क्रिप्ट नव्याने लिहिली. मूळ आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्या लागतात; येथे मी तिचा अर्थ मराठीत क्रमाने सांगतो. फोल्डरमधील प्रत्येक झिप फाइलीसाठी संगणकाने पुढील कामे करावयाची.

1. रुमाल न उघडता आधी तपासणे. अनझिपला 'टी' हा पर्याय दिला की तो आतील प्रत्येक कागदाचा पडताळ्याचा आकडा जुळवून पाहतो. जुळला नाही तर त्या फाइलीचे नाव 'खराब' म्हणून एका वहीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, लिहावे आणि पुढील फाइलीकडे जावे.

2. त्या रुमालाच्याच नावाचा स्वतंत्र फोल्डर करणे. यासाठी 'मेकडिर' ही आज्ञा आहे. दोन रुमालांतील कागदांची नावे सारखी असली तरी घरे वेगळी असल्याने ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. माझी सर्व चूक या एका पायरीने टळली असती.

3. त्या फोल्डरमध्ये रुमाल उघडणे. येथे 'डी' या पर्यायाने फोल्डर सांगावा, आणि 'एन' हा पर्याय द्यावा. 'एन'चा अर्थ, असलेल्या फाइलीला हात लावू नकोस. मात्र नुसत्या 'एन'वर विसंबू नये. सर्व रुमाल एकाच फोल्डरमध्ये सोडले असते, तर 'एन'मुळे जुनी पाने वाचली असती, पण नवी 96 पाने गुपचूप गळाली असती. म्हणून वेगळा फोल्डर हाच खरा उपाय.

4. मोजणे. रुमालाच्या यादीत किती कागद आहेत आणि फोल्डरमध्ये किती उतरले, हे दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहावे. जुळले तर 'ठीक', नाही तर 'पाहा'.

5. पुढील रुमाल.

एवढीच आज्ञावली आहे. तिच्यात पुसून टाकण्याची आज्ञा कोठेही नाही, हे लक्षात घ्या. पुसणे हे काम यंत्राकडे न देता माणसाने वही वाचून, शांत डोक्याने, दुसऱ्या दिवशी करावे.

अनुभवातून कळलेल्या तीनचार बारीक गोष्टीही सांगतो. फाइलीच्या नावात मोकळी जागा असेल, जसे 'इयत्ता पाचवी', तर शेल त्याला दोन वेगळी नावे समजतो. म्हणून स्क्रिप्टमध्ये फाइलीच्या नावाची खूण नेहमी अवतरणचिन्हांत लिहावी. पानांना 1, 2, 10 असे क्रमांक न देता 001, 002, 010 असे द्यावे. नाहीतर यादीत 1 च्या पाठोपाठ 10 येतो आणि 2 मागे राहतो. झिपमधील देवनागरी नावे काही संगणकांवर उघडताना ओळखू न येणारी चिन्हे होतात. त्यासाठी नावे साध्या रोमन अक्षरांत ठेवावी आणि मराठी वर्णन वेगळ्या यादीत लिहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रथम दोन-तीन रुमालांच्या नकलेवर स्क्रिप्ट चालवून पाहावी. आज्ञेच्या आधी 'एको' हा शब्द घातला की शेल ते काम न करता, काय करणार आहे तेवढे दाखवितो. तालीम झाल्याशिवाय नाटक रंगमंचावर आणू नये.

2024 मध्ये आपल्या संस्थेच्या इतर शाळांकडून शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांच्या 31 झिप फाइली आल्या. याच स्क्रिप्टने दहा मिनिटांच्या आत काम झाले. 30 रुमाल 'ठीक' निघाले, एक 'खराब'. नक्कल पूर्ण होण्यापूर्वीच पेन ड्राइव्ह ओढून काढला गेला होता. त्याच दुपारी त्या शाळेला फोन केला आणि नवी प्रत मागविली. पूर्वीची रीत असती तर ती गोष्ट मुदत संपल्यावर समजली असती, आणि तोवर त्या शाळेतील मुलांचे अर्ज राहून गेले असते.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना

पालकांना माझी विनंती अशी की, घरातील शाळा सोडल्याचे दाखले, जन्माचे दाखले, जुने उतारे यांची चित्रे मोबाइलमध्ये आहेत म्हणून मूळ कागद टाकून देऊ नका. संगणकावर सापडत नाही म्हणजे ते नाहीच, असे माझ्यासारखा एखादा मास्तर म्हणाला तर 'कपाट बघा' असे अदबीने, पण आग्रहाने सांगा. आणि अनोळखी नंबरावरून आलेली झिप फाइल उघडू नका; रुमालात काय बांधले आहे ते बाहेरून दिसत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी हे काम शिकणे कठीण नाही. संगणक नसला तरी अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स नावाच्या विनामूल्य ॲपमध्ये शेल वापरता येतो. माझ्यासारखा कला शाखेचा माणूस हे शिकला, तर आठवी-नववीच्या मुलामुलींना काय अवघड? पण एक गोष्ट माझ्यापेक्षा आधी शिका. हाताने काम करणारा माणूस एका वेळी एक चूक करतो. आज्ञावली चुकीची असेल तर यंत्र तीच चूक एका मिनिटात शंभरदा करते, आणि करताना कुरकुरही करीत नाही. यंत्राला नियत नसते. नियत लिहिणाऱ्याची असते. म्हणून लिहिण्यापूर्वी आपल्याला नेमके काय हवे आहे ते कागदावर मराठीत किंवा उर्दूत, जी आपली भाषा असेल तीत लिहून पाहा.

दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेल्या वस्तूला आपण अमानत म्हणतो. शाळेच्या कपाटातील प्रत्येक पान अशीच अमानत आहे. त्यावर कोणाच्या तरी दादांचे नाव आहे आणि कोणाच्या तरी नातीचे भवितव्य. अमानत परत देताना ती मोजून देण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. संगणक आल्याने ती रीत जुनी झालेली नाही. आपल्या शाळेने 1954 चे ते रजिस्टर पुन्हा स्कॅन करून घेतले आहे. त्याची 100 पाने मी स्वतः मोजली आहेत, आणि मूळ रजिस्टर नवी बांधणी करून कपाटात ठेवले आहे.

 सुट्टीनंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत हे काम शिकविण्याचा माझा विचार आहे, इन्शाअल्लाह. ज्या मुलामुलींना यावयाचे असेल त्यांनी नावे द्यावीत. पालकही आले तर आनंदच होईल. खुदा हाफिज.